तालुक्यापासून एशियन यूथ गेम्सपर्यंत: कोकणातल्या पालकांसाठी सगळा रस्ता

जून उजाडला की शाळेत पीटीचे सर नावं घ्यायला लागतात, कोण कबड्डीला, कोण खो-खोला, कोण धावायला. मग तालुका होतो, जिल्हा होतो आणि पोरगं जिल्ह्यात पहिलं आलं की घरात लगेच विषय निघतो, आता पुढे काय, हा भारताकडून कधी खेळणार. ह्याचं सरळ उत्तर आपल्याकडे फार कमी लोक देतात म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतोय. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग डोळ्यासमोर ठेवून लिहिलंय, रायगडवाल्यांना जिथे फरक पडतो तिथे सांगतो.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा कारण बरेच पालक इथेच अडकतात. वर जायच्या वाटा दोन आहेत आणि त्या एकमेकींना आपोआप मिळत नाहीत. पहिली शालेय स्पर्धांची. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य आणि मग राष्ट्रीय शालेय. १४, १७ आणि १९ वर्षांखालचे गट, सगळा कारभार जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडून आणि देशपातळीवर स्कूल गेम्स फेडरेशनकडे. दुसरी वाट संघटनेची, म्हणजे जिल्हा संघटना, राज्य संघटना आणि त्या खेळाचं राष्ट्रीय फेडरेशन. भारताचा संघ मग तो एशियन यूथ गेम्सचा असो, साउथ एशियन गेम्सचा असो नाहीतर मोठ्या एशियन गेम्सचा, निवडायचं काम ते फेडरेशन करतं आणि ते मुख्यतः आपल्याच स्पर्धा, आपल्याच चाचण्या आणि आपल्याच शिबिरांतून निवडतं. तुमच्या मुलीला शालेय राज्य स्पर्धेत सुवर्ण मिळालं, पेपरात फोटो आला, सरपंचांनी सत्कार केला, पण तिचं नाव जिल्हा संघटनेच्या रजिस्टरमध्ये नसेल तर फेडरेशनला ती मुलगी आहे हेच माहीत नसतं. तिचं कौतुक खरंच आहे पण दार दुसरीकडे आहे.

म्हणून शालेय स्पर्धा सोडायच्या का तर अजिबात नाही. दहावी बारावीचे क्रीडा गुण आहेत, सरावाला चांगले सामने मिळतात, आणि शालेय वाटेचंही आपलं परदेश आहे, जागतिक शालेय जिम्नॅशियाड असते, २०२२ ला फ्रान्सच्या नॉर्मंडीत झाली तेव्हा आपला संघ गेला होता. फक्त दोन्ही वाटा एकाच वेळी चालायच्या, एकीवर बसून दुसरीची वाट बघायची नाही.

आता ह्या स्पर्धा नक्की कुठल्या ते बघू कारण नावं सारखी वाटतात आणि व्हॉट्सॲपवर सगळ्यालाच एशियाड म्हणतात. एशियन यूथ गेम्स पहिल्या २००९ ला सिंगापूरला झाल्या, दुसऱ्या २०१३ ला नानजिंगला, आणि तिसऱ्या थेट ऑक्टोबर २०२५ मध्ये बहरीनला. मधल्या दोन झाल्याच नाहीत, एक यजमान ठरता ठरता बारगळली आणि एक कोविडमध्ये गेली. बारा वर्षं! त्या काळात चौदाचे अठरा झालेले किती चांगले खेळाडू ह्या स्पर्धेला मुकले असतील ह्याचा विचार केला तरी वाईट वाटतं. बहरीनमध्ये मात्र भारताने १३ सुवर्ण, १८ रौप्य आणि १७ कांस्य अशी ४८ पदकं घेतली, आणि आपल्यासाठी मोठी बातमी म्हणजे कबड्डी तिथे पहिल्यांदाच आली आणि मुलं मुली दोन्ही संघ सुवर्ण घेऊन आले. म्हणजे वाडीत जो खेळ पोरं खेळतात त्याला आता अठराच्या आत आशियाई पदक आहे, पूर्वी हे नव्हतं, पूर्वी कबड्डीवाल्या पोराला सीनियर संघात पोचेपर्यंत थांबावं लागायचं.

कॉमनवेल्थ यूथ गेम्स चौदा ते अठरा वयाच्या, २००८ ला आपल्या पुण्यात बालेवाडीला झाल्या होत्या आणि अलीकडची २०२३ ला त्रिनिदाद-टोबॅगोला. यूथ ऑलिम्पिक वेगळं, २०१८ ला ब्युनॉस आयरिसमध्ये मनू भाकर, सौरभ चौधरी, जेरेमी लालरिनुंगा ह्यांनी सुवर्ण घेतलं ते हे, आणि पुढचं सेनेगलला डकारमध्ये. साउथ एशियन गेम्स १९८४ ला काठमांडूला सुरू झाल्या, त्यात वयाची यूथसारखी अट नाही पण बऱ्याच खेळांत आपण तरुण खेळाडू पाठवतो म्हणून वीस-बावीसच्या मुलांना इथे चांगली संधी असते. खो-खोवाल्यांनी हे नीट वाचा: खो-खो एशियन यूथमध्ये नाही, एशियन गेम्समध्येही पदकाचा खेळ नाही. २०१६ ला गुवाहाटीच्या साउथ एशियन गेम्समध्ये तो पहिल्यांदा आला, धाराशिवची सारिका काळे आपल्या मुलींच्या संघाची कर्णधार होती, सुवर्ण आलं, २०१९ ला नेपाळमध्येही आलं, आणि जानेवारी २०२५ ला दिल्लीत पहिला वर्ल्ड कप झाला तोही दोन्ही गटांत आपणच जिंकलो. रत्नागिरीत खो-खोच्या मुली किती ताकदीच्या आहेत ते मी वेगळं सांगायला नको, पण त्यांच्या आईवडिलांना माहीत पाहिजे की ह्या खेळात यूथ पदकाचा टप्पाच नाही, किशोरी, मग १८ खालच्या मुली, मग थेट महिला गट, म्हणजे धीर जास्त लागतो.

वयाचं गणित सगळ्यात आधी मांडा. शालेय गट १ जानेवारीवर मोजतात. संघटनेत प्रत्येक खेळाचं वेगळं, कबड्डीत किशोर गट १६ खाली आणि कुमार गट २० खाली आणि शिवाय वजनाची मर्यादाही, खो-खोत १४ आणि १८, ॲथलेटिक्सला १४, १६, १८, २०. यूथ गेम्समध्ये जन्मसालच बघतात. एक कागद घ्या, पोराचं जन्मसाल लिहा, आणि पुढची चार-पाच वर्षं मांडून बघा की कुठल्या साली तो कुठल्या गटात बसतो. एखाद्या मुलाचा जन्म डिसेंबरचा असतो आणि केवळ त्यामुळे तो त्या गटातला सगळ्यात लहान ठरतो, तर त्याला आत्ता हरला म्हणून नाउमेद करू नका, त्याचं वर्ष पुढचं आहे. वजनाबद्दल मी जरा कडकच बोलेन: किशोर गटात बसावा म्हणून वाढत्या वयाच्या पोराला दोन दिवस उपाशी ठेवणं, रेनकोट घालून पळवणं, हे बंद झालं पाहिजे. तो गट गेला तर गेला, पोरगं वरच्या गटात खेळेल.

आता प्रत्यक्ष काम. आपल्या खेळाची जिल्हा संघटना कोण चालवतं ते शोधा, पीटीच्या सरांना विचारा नाहीतर जिल्हा क्रीडा कार्यालयात विचारा, सिंधुदुर्गवाल्यांना ओरोसला आणि रत्नागिरीवाल्यांना रत्नागिरीत जावं लागेल. कबड्डी आणि खो-खोत मुलगा एखाद्या नोंदणी झालेल्या मंडळाकडून खेळला पाहिजे, नुसता एकटा जाऊन चालत नाही. वाडीतलं मंडळ नोंदलेलं नसेल तर आधी ते नोंदवा, फी फार नसते पण पावती घ्या आणि जपून ठेवा. मग जिल्हा निवड चाचणी कधी ते विचारत राहा, आणि खरं सांगतो, फोन करून विचारावंच लागतं, पत्र गावात पोचायची वाट बघितलीत तर चाचणी होऊन जाते. आपल्याकडे गणपतीच्या आसपास सगळंच ठप्प असतं आणि नेमक्या त्याच दिवसांत कुठलीतरी चाचणी लागते. तेव्हा घरातल्यांनी आधीच ठरवून ठेवा, आरतीला एक माणूस कमी असला तर चालेल.

ॲथलेटिक्सवाल्या पालकांसाठी एक खास गोष्ट आहे जी कोकणात अजून पुरेशी माहीत नाही. ॲथलेटिक्स फेडरेशनची आंतरजिल्हा ज्युनियर राष्ट्रीय स्पर्धा असते, निडजॅम म्हणतात तिला, १४ आणि १६ खालच्या मुलांसाठी. ह्यात जिल्ह्याचा संघ थेट राष्ट्रीय स्पर्धेत उतरतो. म्हणजे पुण्या-मुंबईच्या ट्रॅकवरच्या पोरांना राज्यात हरवून मग पुढे, असं नाही, तुमचा जिल्हा म्हणून तुम्ही जाता. फेडरेशनचा ऑनलाइन युआयडी नंबर, म्हणजे खेळाडूचा नोंदणी क्रमांक, काढून घ्या, तो नसेल तर एंट्रीच होत नाही.

समुद्राचाही विचार करा. मालवणला चिवला बीचवर दरवर्षी सागरी जलतरण स्पर्धा होते, राज्यभरातून पोरं येतात, आणि आपली किनाऱ्यावरची पोरं जी लहानपणापासून लाटांत आहेत त्यांनी तिथे उतरलंच पाहिजे, कारण ओपन वॉटर, म्हणजे उघड्या पाण्यातलं लांब पल्ल्याचं पोहणं, हा एशियन गेम्समधला खेळ आहे. पण एक लक्षात ठेवा, समुद्रात उत्तम पोहणाऱ्याला सुद्धा तलावातली वेळ नोंदवावी लागते, टर्न शिकावा लागतो, म्हणून महिन्यातून काही दिवस तरी मापाच्या तलावात न्या. चिपळूण तालुक्यात डेरवणला ती सोय आहे, ट्रॅकही आहे, आणि तिथे दरवर्षी डेरवण यूथ गेम्स होतात, एकाच आवारात अनेक खेळ. मी प्रत्येक पालकाला सांगतो की पोराला एकदा तरी तिथे खेळवा. अनेक खेळांच्या स्पर्धेचं वातावरण म्हणजे काय, रिपोर्टिंग टाइम म्हणजे काय, शेजारच्या मैदानावर दुसरा खेळ चाललाय आणि आपला कॉल आला तर काय करायचं, हे सगळं घराजवळ शिकायला मिळतं.

आणि वाळूवरची कुस्ती! बीच रेसलिंग बहरीनला होती, पुण्याच्या सनी फुलमाळीने ६० किलोत सुवर्ण घेतलं. सात मीटरचं गोल वाळूचं रिंगण, तीन मिनिटांची कुस्ती, जो आधी तीन गुण घेईल तो जिंकला, सगळं उभ्याने. आपल्याकडे वाळूला तोटा आहे का? पण किनाऱ्यावर ह्याचा पद्धतशीर सराव कोणी घेताना दिसत नाही. बीच कबड्डीचंही तेच, एशियन बीच गेम्स २००८ ला बालीला सुरू झाल्या तेव्हापासून ती आहे, आणि मे २०२५ ला दीवला खेलो इंडिया ह्या केंद्र सरकारच्या योजनेच्या बीच गेम्सही झाल्या. गुहागर, आरे-वारे, देवबाग, वेंगुर्ला, संध्याकाळी ओहोटीला कडक वाळू सोडून वरच्या मऊ वाळूत पंधरा पोरं घेऊन सराव सुरू करायला कोणाची परवानगी लागत नाही. क्रीडा शिक्षक हे वाचत असतील तर त्यांना मनापासून विनंती आहे.

कबड्डीच्या पोरांसाठी मॅटचं बोलायलाच हवं. ऑगस्टमधला तालुका सामना डोळ्यासमोर आणा, रात्रभर पाऊस, सकाळी मैदानावर लाल चिखल, फक्की मारली की दहा मिनिटांत धुऊन जाते, पंच पुन्हा रेषा ओढतात, पोरं अनवाणी, पायाची बोटं मातीत रुतवून चढाई करतात आणि त्यांचा तोल अप्रतिम असतो. तेच पोरगं राज्य चाचणीला मॅटवर बूट घालून उतरलं की पाय अडकतो, वळताना घोटा मुरगळतो, बोनस घ्यायला पाय टाकला की अंदाज चुकतो. निवड समितीला त्याची खरी कला दिसतच नाही. तेव्हा चाचणीच्या आधी किमान महिनाभर मॅटचे बूट घालून खेळवा, तालुक्याच्या संकुलात मॅट असेल तर आठवड्यातून एकदा तरी जा, नसेल तर निदान बूट घालून मातीवर खेळू द्या म्हणजे पायाला वजनाची सवय होते.

विभागीय स्पर्धेचा प्रवास. शालेय स्पर्धांत रत्नागिरी सिंधुदुर्ग कोल्हापूर विभागात येतात, म्हणजे कोल्हापूर, सांगली, साताऱ्याशी गाठ आणि घाट चढणं आलंच, रायगडवाले मुंबई विभागात. पावसात करूळ नाहीतर फोंडा घाटात दरड आली की तीन तास तिथेच, आणि अर्ध्या पोरांना घाटात गाडी लागते, पहाटे निघून दहाला मैदानावर उतरलेला ओकून रिकामा झालेला पोरगा काय खेळणार. आदल्या संध्याकाळी पोचा. वर्गणी काढा, पालकांनी मिळून गाडी करा, तिथल्या एखाद्या शाळेत झोपायची सोय मागा, पण आदल्या दिवशी पोचा. कोकणातले किती चांगले संघ खेळात नाही तर प्रवासात हरतात.

कागदपत्रं. जन्मदाखला, आधार आणि शाळेच्या रजिस्टरवर नाव, वडिलांचं नाव आणि जन्मतारीख अक्षराअक्षराने सारखी पाहिजे. आपल्याकडे निम्म्या पोरांचा जन्म मुंबईचा, दाखला महानगरपालिकेचा, शाळा गावची, आणि कुठेतरी आडनावाचं स्पेलिंग वेगळं. हे पोरगं पाचवी-सहावीत असतानाच सरळ करून घ्या. जन्माची नोंद उशिरा झाली असेल तर रुग्णालयाचा कागद, लसीकरणाचं कार्ड जे असेल ते सांभाळा कारण वयाबद्दल शंका आली की मनगटाचा एक्स-रे काढून हाडाचं वय बघतात आणि तेव्हा जुने कागद उपयोगी पडतात. वय चोरायचा विचार कोणी सुचवला, अगदी प्रशिक्षकाने सुचवला तरी, तिथून पोराला बाहेर काढा. बंदी शेवटी पोरावर येते.

देश संघ कसा पाठवतो तेही समजून घ्या म्हणजे उगाच कोणाला दोष दिला जाणार नाही. आमंत्रण येतं ऑलिम्पिक संघटनेला, ती प्रत्येक फेडरेशनकडून नावं मागते, सुरुवातीला मोठी यादी जाते, मग शिबिर, मग चाचणी, मग क्रीडा मंत्रालय सरकारी खर्चाने कोण जाणार ते मंजूर करतं. ह्यात देश सगळ्याच खेळांचे संघ पाठवत नाही. २०१८ ला जकार्ताच्या एशियन गेम्सला आपला फुटबॉल संघ गेलाच नाही, कारण आशियात पहिल्या आठात असलेल्या संघालाच पाठवायचं असं ठरलं होतं, २०२३ ला त्या अटीतून सूट मिळाली तेव्हा हांगझोउला गेला. तर खेळ निवडताना हेही बघा की त्या खेळात भारत नियमित संघ पाठवतो का. कबड्डी, कुस्ती, बॉक्सिंग, ॲथलेटिक्स, नेमबाजी, तायक्वांदो ह्यांना संधी जास्त. आणि मोठी यादी कित्येक महिने आधी जाते म्हणून ज्याचं नाव आधीच्या ज्युनियर राष्ट्रीय स्पर्धेत दिसलेलं नाही तो शेवटच्या क्षणी येत नाही.

पैशाचं थोडक्यात. क्रीडा प्रबोधिनी, म्हणजे राज्य सरकारची निवासी क्रीडा शाळा, तिच्या चाचण्या असतात, ३० मीटर धाव, शटल रन, उभी लांब उडी, मेडिसिन बॉल फेक, ८०० मीटर वगैरे, निवड झाली तर राहणं, खाणं, प्रशिक्षण सरकारचं. खेलो इंडियात निवड झालेल्या खेळाडूला महिना १०,००० रुपये हातखर्च मिळतो. राज्याच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी प्रमाणपत्राची पडताळणी होते, आणि इथेच पुढचा मुद्दा येतो.

इंडो-नेपाळ, इंडो-भूतान, इंटरनॅशनल चॅम्पियनशिप अशा नावाने फोन येतात. तुमच्या मुलाची निवड झालीये, पंचवीस हजार भरा, ट्रॅकसूट मिळेल, भारताकडून खेळायला मिळेल. आमच्या ओळखीतल्या एका मच्छीमार कुटुंबाने बोटीच्या डिझेलचे पैसे बाजूला काढून असे भरले, पोरगं सुवर्णपदक घेऊन आलं, गावात मिरवणूक निघाली, आणि नंतर कळलं की त्याच्या वजनगटात दोनच मुलं होती आणि ते प्रमाणपत्र कुठल्याच पडताळणीत चालत नाही. त्या बापाचा चेहरा बघवत नव्हता. पैसे भरून भारताचा संघ होत नाही. कोणी बोलावलं की आधी तीन गोष्टी तपासा. ह्या खेळाच्या फेडरेशनला क्रीडा मंत्रालयाची मान्यता आहे का, ती यादी मंत्रालयाच्या वेबसाइटवर असते. राज्य संघटनेला ह्या स्पर्धेबद्दल माहिती आहे का. आणि निवड चाचणी कुठे, कधी झाली, तिचा निकाल कुठे लागला. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर आलं नाही तर फोन ठेवून द्या.

औषधांचं शेवटी लिहितोय पण पावसाळ्यात हेच आधी लागेल. पोराला खोकला झाला की आपण मेडिकलमधून सिरप आणतो, आपल्याकडे मिळणाऱ्या बऱ्याच कफ सिरपमध्ये टर्ब्युटालिन असतं आणि ते डोपिंगमध्ये बंदी असलेलं आहे. सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं, स्पर्धेच्या काळात तेही ठराविक प्रमाणापलीकडे चालत नाही. अल्पवयीन म्हणून सूट नाही, चाचणी त्यांचीही होते, फक्त सोबत मोठं माणूस असतं. राष्ट्रीय डोपिंगविरोधी संस्थेचं नो युवर मेडिसिन नावाचं ॲप आहे, त्यात औषधाचं नाव टाकून बघा, डॉक्टरांना सांगा की पोरगं खेळाडू आहे, आणि दमा असेल, इनहेलर लागत असेल तर सवलतीचा अर्ज आधी करून ठेवा, चिठ्ठी जपा. जिममधली पावडर तर अजिबात नको.

आणि पासपोर्ट. मुलगा राज्य संघात आला की त्याच आठवड्यात अर्ज करा. अठराखालच्यांचा पासपोर्ट पाच वर्षांचा किंवा अठरा पूर्ण होईपर्यंत, जे आधी येईल ते, फक्त पंधरा ते अठरामधल्यांना दहा वर्षांचाही मागता येतो, दोन्ही पालकांची संमती लागते, वडील बोटीवर किंवा मुंबईला कामाला असतील तर सह्यांसाठी आधी तारीख ठरवा. सतराव्या वर्षी काढलेला असेल तर त्याची मुदत स्पर्धेच्या तारखेपुढे निदान सहा महिने आहे का ते बघा, नसेल तर शिबिराला जायच्या आधीच नवीन करून घ्या.